पाइपांना मी माफ करते

प्रिय भाऊजी,

नमस्कार लिहावा की आशीर्वाद, या विचारात पहिला कागद वाया गेला. नात्याने मी मोठी, तेव्हा आशीर्वाद द्यायचा मान माझा. वयाने तुम्ही थोडे पुढे, तेव्हा नमस्कार करायची पाळीही माझीच. शेवटी दोन्ही पाठवते आहे. जो पटेल तो ठेवून घ्या, उरलेला माझ्या धाकट्या जावेला द्या. प्रकृती कशी आहे? हातावरचा भाजल्याचा डाग गेला का? धाकटीची कंबर काय म्हणते? नव्या ठिकाणी, त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत, तुमचा जीव रमला का? (रमला असेल तर तसं कळवायची घाई नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात लिहितात म्हणून लिहिलं, पण लिहून झाल्यावर वाचलं आणि मनाला लागलं, कारण ते खरं नाही. आपल्या लाँड्रीतली वाफेची मोठी प्रेस अजिबात खुशाल नाही, आणि तुमचे दादा खुशाल आहेत असं फक्त तेच म्हणतात.

पत्राचं कारण तसं काही नाही. मी इटालियन शिकते आहे, एवढं कळवावं म्हटलं. हसून घ्या. धाकटीला हाक मारून तिलाही हसवा, मी थांबते.

तर झालं असं. तुम्ही दुकानात होतात तेव्हा प्रेसने तोंड वाकडं केलं की तुम्ही तिकडच्या आजोबांना फोन लावायचात. (धाकटीला माहीत नसेल म्हणून सांगते: ज्या कारखान्यात आपली प्रेस तयार झाली तिथले म्हातारे मेकॅनिक. इटालियनखेरीज त्यांना एक अक्षर येत नाही, आणि इटालियनमधलं एक अक्षर तुम्हाला येत नव्हतं.) तुम्ही रिसीव्हर प्रेसपाशी धरायचात, मग स्वतःच्या तोंडाने ‘फुस्स, टक्, फुस्स’ करून दाखवायचात, तिकडून आजोबा ‘टक्, फुस्स’ करून दुरुस्ती सांगायचे, आणि चहा निवायच्या आत प्रेस सुरू. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. तुम्ही गेल्यावर प्रेसच्या मागच्या पाइपांतून वाफ गळायला लागली, तेव्हा तुमच्या दादांनीही तीच पद्धत वापरून पाहिली. रिसीव्हर धरला, छाती भरून घेतली, ‘फुस्स’ केलं. पण भाऊजी, त्यांच्या फुस्सला तुमची बारीक कारागिरी नाही. आजोबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि लाइन खराब आहे असं समजून फोन ठेवून दिला.

मग हे माझ्याकडे वळून म्हणाले, “तू कॉलेजात भाषा घेतली होतीस ना?” घेतली होती. मराठी घेतली होती. पण भाषेची पदवी असलेल्या बाईला दुसरी एखादी भाषा का येऊ नये, हे मला त्यांना पटवून देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, की यायला हवी होती, आपणच कुठेतरी कमी पडलो. शिवाय गंमत करायची वेळ नव्हती. लॉजच्या चादरींवर ओले ठिपके पडून जात होते. लॉजच्या मॅनेजरनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. नाही जमलं तर चादरी दुसरीकडे जाणार, आणि चादरी गेल्या की मागे उरतात ते डेंटिस्टचे कोट आणि वकीलसाहेबांच्या पँटी. तेवढ्यावर दुकान चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

तेव्हा मी छोटा शब्दकोश आणला आणि वाक्य जुळवलं. ‘तूबी’ म्हणजे पाइप (अनेकवचनी), आणि ‘पेरदोनो’ म्हणजे गळतात. दोनच शब्द, चुकायला जागा कुठे? शब्दकोशात ‘पेर’खाली एक बारीक टिंब होतं, ते मी छपाईचा डाग समजले. (डाग दिसला की मी तो मनातल्या मनात धुऊन टाकते, हा धंद्याचा दोष.) आपल्या मराठी तोंडाला असा शब्द दिसला की मधल्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं, तशी मी ‘दो’वर जाऊन ऐसपैस बसले आणि फोनवर ठणकावून म्हटलं, “ई तूबी पेर-दोऽ-नो!” मग आजोबा म्हणाले, “की?” मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. आपल्याकडे ‘की’ म्हटलं की पुढे काहीतरी येतं. त्यांच्याकडे ‘की’ म्हणजे ‘कोणाला’, हे मला नंतर कळलं. मी पुन्हा, जास्त जोरात, ‘तूबी’. ते म्हणाले, “तूत्ती?” म्हणजे सगळे. म्हटलं, सी, सी, हो, सगळेच, सकाळपासून. यावर आजोबांचा आवाज एकदम मऊ झाला, “ब्रावा, ब्रावा” म्हणाले, आणि फोन ठेवला. मी यांना सांगितलं, काम झालं. माणूस मोठ्या मनाचा वाटला.

दोन दिवस सुटा भाग येईल म्हणून वाट पाहिली, मग शंका आली. घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांनी पूर्वी पाश्चात्त्य गाणं शिकवताना इटालियनही शिकवलं आहे. त्यांना मी ठेकाबाई म्हणते, कारण त्या कुठलाही शब्द तोंडाने म्हणण्याआधी टेबलावर हाताने वाजवून बघतात. त्यांनी माझं वाक्य ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, “पाइपांनी तुमचं काय वाकडं केलंय?” म्हटलं, गळतात. त्या म्हणाल्या, “गळतात हे तुम्ही सांगितलंच नाहीत. ‘पेर’वर जोर दिला तर गळतात. ‘दो’वर दिला तर ‘मी माफ करते’. तुम्ही त्या माणसाला परदेशातून फोन करून कळवलंत, की पाइपांना मी माफ करते. सगळ्यांना. सकाळपासून.”

भाऊजी, लिहिताना दोन्ही शब्द सारखेच. तीच अक्षरं, तोच क्रम, कानामात्रेचा फरक नाही. जोर लिहून दाखवायची पद्धतच नाही! म्हणजे आहे, पण ती फक्त जोर शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हा. मग डोक्यावर एक तिरकी रेघ देतात. बाकी ठिकाणी तुमचं तुम्ही ओळखा. मला हे फार अन्यायाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ठेकाबाई म्हणाल्या, “तुमच्या भाषेत लिहून दाखवतात वाटतं?” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल पुढे लिहिते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. आधी शब्द फोडायचा, मग जोर कुठे पडतो ते शोधायचं. फोडणं मला सोपं गेलं. आपण कवितेच्या ओळीला लघु-गुरू लावायचो त्याच हाताचं काम. जोडव्यंजन एकाच वर्णाचं असेल तर मधोमध फाडायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आपण ‘धक्का’ लिहितो ध-क्का पण खातो धक्-का, तसं. ‘स’चं मात्र वेगळं: तो व्यंजनाआधी आला की मागच्याकडे राहत नाही, पुढच्याचा हात धरून निघून जातो. (कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही.) ‘वाट पाहतात’ याला ‘आ-स्पेत्-ता-नो’, तिथे हे दोन्ही नियम एका शब्दात भेटतात, मी तो पहिल्या झटक्यात बरोबर फोडला आणि मला उगाचच शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं झालं. जोराचं प्रकरण मात्र अवघड. एकटा माणूस क्रियापदात जिथे जोर देतो, तिथेच ‘ते सगळे’ मिळून देतात, मागे कितीही अक्षरं वाढोत. ‘ते फोन करतात’ याला ‘ते-ले-फो-ना-नो’. जोर ‘ले’वर, आणि मागून तीन अक्षरं धापा टाकत धावत येतात, वरातीत मागे पडलेल्या पाहुण्यांसारखी. पण ‘आम्ही’ आलं की सगळी व्यवस्था मोडते. ‘आम्ही माफ करतो’ याला ‘पेर-दो-निया-मो’, आणि जोर आपली जागा सोडून ‘निया’वर जातो. मी ‘नि’ आणि ‘या’ वेगवेगळे वाजवले. ठेकाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, दोन स्वर दिसले म्हणून दोन घरं नसतात, हे दोघं एकाच घरात राहतात, एकाच टाळीत बसवा. मी बसवले. (इथे मी तुमच्याकडे बघून काही बोलत नाहीये. सरळ व्याकरण सांगते आहे.)

सराव दुकानातच करायचा होता, म्हणून मी प्रेसचं पॅडल वापरलं: जोराच्या अक्षरावर पाय दाबायचा, बाकीच्यांना सोडून द्यायचं. पद्धत उत्तम आहे, कानात पक्कं बसतं. फक्त ‘ते-ले-फो-ना-नो’ म्हणताना वकीलसाहेबांच्या पँटीला एका पायावर दोन घड्या पडल्या, आणि त्या न्यायालयात लोकांच्या लक्षात आल्या. वकीलसाहेब घरी येऊन म्हणाले, “ताई, समोरचा वकील मला विचारतो, साहेब तुम्हाला पाय किती?” डेंटिस्टच्या कोटावर खिशाच्या मधोमध घडी गेली. त्यांनी तक्रार केली नाही, पण मी दात दाखवायला गेले तेव्हा गरजेपेक्षा जास्त वेळ तोंड उघडं ठेवायला लावलं, असं मला वाटलं. रोजनिशीतही मी ‘असं मला वाटलं’ असंच लिहून ठेवलंय. मला नेहमी असंच काहीतरी वाटत असतं, त्यामुळे फार मनावर घेऊ नका.

दुसऱ्यांदा फोन केला तो जरा लवकरच केला. तिरकी रेघ नवीन शिकले होते आणि नवीन शिकलेलं सगळीकडे वापरायचा मोह होतो. मी जोर थेट शेवटी टाकला: “पेर-दो-नोऽ!” ठेकाबाई नंतर कळवळून म्हणाल्या, हा झाला भूतकाळ, ‘त्याने माफ केलं’. आजोबांनी पुन्हा “की?” विचारलं, आणि आता मला ‘की’ कळत होतं, पण उत्तर माहीत नव्हतं. ते म्हणाले, “पाद्रोने?” म्हणजे मालक का? मला वाटलं मालक घरात आहेत का विचारताहेत. हे समोरच उभे होते. म्हटलं, सी. म्हणजे आता त्या बिचाऱ्यांच्या हिशोबाने आधी मालकिणीने पाइपांना माफ केलं, मग मालकांनीही केलं. घरात सगळीकडे इतकी माफी चाललेली, आणि ही माणसं पुन्हा पुन्हा फोन कशाला करतात? हे सगळं मी यांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले आणि चादरी मोजायला आत गेले. चादरी आधीच मोजलेल्या होत्या.

तिसऱ्यांदा ठेकाबाई शेजारी बसल्या आणि मी ‘पेर’वर असा हात आपटला की गल्ल्यावरची सुई-दोऱ्याची डबी खाली पडली. पण तिकडे आजोबा आनंदाने ओरडले, “आऽ! पेऽर-दोनो!” आणि इतके दिवस अडलेली वाफ सुटावी तसे बोलत सुटले. ठेकाबाई सांगत गेल्या: पाइपांच्या सांध्यातलं गास्केट गेलंय, पाठवतो, बसवायला नाजूक आहे, हात सवयीचा हवा. मग म्हणाले, तो फुस्स करणारा कुठे आहे? मी म्हटलं, नाही. म्हणजे ‘इथे नाही’ एवढंच म्हणायचं होतं, पण पुढचे शब्द सापडेनात. ते म्हणाले, येईल ना? ठेकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘तो येईल’ याला ‘तोर्-ने-रा’. भविष्यकाळात जोर शेवटी येतो, आणि तिथे मात्र तो रेघ देऊन लिहूनच दाखवावा लागतो. मी म्हटलं, तोर्नेरा. जोर कुठे दिला, शपथेवर सांगता येणार नाही. आजोबा ‘बेने, बेने’ (छान, छान) म्हणाले, म्हणजे त्यांनी तो शेवटीच धरला.

आता त्या गप्प बसण्याबद्दल.

तुम्ही गेलात त्या दिवशी यांनी तुम्हाला म्हटलेलं वाक्य तीन शब्दांचं होतं: तू राहू दे. तुमचा हात भाजला होता, पट्टी होती, तरी तुम्ही ओल्या चादरींचा गठ्ठा उचलायला गेलात, लॉजचे मॅनेजर समोर उभे, आणि हे म्हणाले, तू राहू दे. तुम्ही एप्रन खुंटीला अडकवलात आणि निघालात. तेव्हापासून तुमचं म्हणणं, जोर ‘तू’वर होता, म्हणजे ‘तुझं काय काम’. यांचं म्हणणं, जोर ‘राहू दे’वर होता, म्हणजे ‘हात दुखेल, असू दे’. दोघंही मला विचारता, वहिनी तुम्ही ऐकलंत ना, आणि तू ऐकलंस ना गं. मी रोजनिशीत ते वाक्य त्याच दिवशी लिहिलं होतं, ते काढून बघितलं. तू राहू दे. बस. आपल्याकडेही रेघ नाही.

तेव्हा मी ठेकाबाईंची पद्धत लावली. हे कोणाला काय म्हणतात, तिकडे नुसते कान देऊन बसले. लॉजचे मॅनेजर चादरी स्वतः मोजायला लागले (त्यांचा आपल्या मोजणीवर विश्वास नाही आणि यांचा त्यांच्यावर नाही), तेव्हा हे म्हणाले, “तुम्ही राहू द्या.” जोर ‘राहू द्या’वर, आणि तो असा की माझा पायही पॅडलवर दाबला गेला. मला ताप होता आणि मी बादली उचलायला वाकले, तेव्हा, “तू राहू दे.” जोर ‘तू’वर. दुकानातली मांजर गरम चादरींच्या चळतीवर झोपते ना, हे जवळ आले की ती दचकून उठायला बघते. तिलाही, “तू राहू दे.” जोर ‘तू’वर, भाऊजी, मी दोनदा ऐकलं. आणि मग मला आई आठवल्या. शेवटच्या आजारपणात त्या अंथरुणात बसल्या बसल्या रुमालांच्या घड्या घालायला घ्यायच्या, आणि हे हातातून काढून घेत म्हणायचे, “तू राहू दे.” तुम्ही तिथेच असायचात. जोर कुठे असायचा ते तुम्हीच आठवा.

तेव्हा तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं. यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. जोर ‘तू’वरच होता. फक्त या एका माणसाच्या तोंडी ‘तू’वरचा जोर म्हणजे काय, ते शब्दकोशात नाही. त्या ‘तू’खाली टिंब आहे, आणि तुम्ही ते डाग समजलात.

बाकी इकडे नवीन काही नाही. पोरांना गोड पापा, धाकटीला कंबर सांभाळायला सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र वाचून तुम्ही यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुमचं काम सोडून कशाला धावपळ?

ता. क. २. गास्केट आलं आहे. फळीवर तसंच ठेवलंय. यांनी बसवून पाहिलं, पण जो बारीक पाना लागतो तो दुकानात नाही, आणि मला पक्कं आठवतं की तो तुमच्या पँटच्या मागच्या खिशात असायचा. पाना पोस्टाने पाठवलात तरी चालेल. पण पोस्टात पाने हरवतात म्हणे, आणि हात सवयीचा हवा, हे माझं नाही, आजोबांचं म्हणणं. रविवारी लॉजच्या चादरी नसतात, प्रेस थंड असते.

ता. क. ३. तुमचा एप्रन अजून त्याच खुंटीवर आहे. दर आठवड्याला त्याला इस्त्री झालेली असते. मी करत नाही.

ता. क. ४. पाकीट टेबलावर उघडंच होतं, पत्ता वर. यांनी येऊन पाहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मी म्हटलं, पेटीत टाकून येते. ते चपला घालून दारात उभे आहेत, मी एवढं लिहीपर्यंत थांबले आहेत, आणि म्हणाले, “मी टाकतो. तू राहू दे.”

जोर ‘तू’वर.